घटपर्णीला हवी थंड रात्र

शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील ‘कीटकभक्षी वनस्पती’ हा भाग बहुतेकांच्या स्मरणात असतो. मातीत नत्र कमी असल्याने या वनस्पती कीटकांपासून ते मिळवतात, हे एका वाक्यातले उत्तर परीक्षेसाठी पाठ केलेले असते आणि घटपर्णीची आकृती काढून तिच्या भागांना नावे दिलेली असतात. ती घटपर्णी प्रत्यक्ष पाहिलेले मात्र थोडेच. आता पुण्यातील रोपवाटिकांमध्ये टांगत्या कुंडीतून लालसर घडे लोंबणारी वेल विक्रीस दिसते. ती घरी आणून जगवलेल्यांची नजर साहजिकच त्यापुढच्या, दुर्मीळ जातींकडे वळते. बोर्निओ, सुमात्रा, सुलावेसी आणि फिलिपाइन्समधील उंच डोंगरांवर, ढगांच्या पट्ट्यात वाढणाऱ्या या जाती रंग, आकार आणि आकारमान या तिन्ही बाबतींत थक्क करणाऱ्या आहेत. त्या पुण्यात, घरात वाढवता येतील काय, हा प्रश्न म्हणूनच वारंवार विचारला जातो.

येतील, परंतु हौस आणि पैसा एवढ्यावर हे काम भागत नाही. पुण्याचा एप्रिल-मे या वेलींचा शत्रू आहे, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारीवर जुने, घरगुती उपाय चालतात. ज्यावर ते चालत नाहीत ती आहे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील उबदार रात्र. हे ध्यानात न आल्याने, उन्हाळा तरून गेलेली रोपे ऐन पावसाळ्यात, सारी बाग हिरवीगार असताना, हळूहळू खंगत जातात.

घडा म्हणजे पानच

नेपेंथिस या प्रजातीला मराठीत घटपर्णी म्हणतात आणि हे नाव शास्त्राला धरून आहे. घडा हे फूल नव्हे, फळही नव्हे. ते पानाचेच रूपांतर आहे. पानाची मधली शीर पात्याच्या टोकापुढे वाढून तणाव्यासारखी लांबते, तिचे टोक फुगते, आत पोकळ होत जाते आणि शेवटी वरचे झाकण उघडते. झाकण एकदा उघडले की पुन्हा मिटत नाही. कीटक आत पडताच झाकण बंद होते, ही सर्वत्र पसरलेली कल्पना चित्रपटांनी रुजवलेली असावी.

घड्याच्या तोंडाशी रेघारेघांची, चकचकीत कडा असते. तिच्यावर मधुरस पाझरतो. ही कडा दव, पाऊस किंवा दमट हवा यांमुळे ओली झाली की तिच्यावर पाण्याचा अखंड पातळ थर पसरतो आणि मुंगीचे पाय तिथे ठरत नाहीत. अनेक जातींत कडेच्या खाली आतल्या बाजूला मेणचट पट्टा असतो, त्यावरून वर चढता येत नाही. तळाशी पाचक द्रव असतो. त्यातील प्रथिने पचवणाऱ्या विकराला वनस्पतीवरूनच नेपेंथेसिन असे नाव पडले आहे. भक्ष्यांत सर्वाधिक भरणा मुंग्यांचा. डास आणि झुरळे यांचा घरातून नायनाट होईल या आशेने कोणी ही वेल घेणार असेल, तर तो पैसा मच्छरदाणीवर खर्च करणे श्रेयस्कर.

सगळ्याच जाती कीटकांवर जगतात असेही नाही. सखल प्रदेशातील नेपेंथिस अँपुलारिया आपल्या उघड्या घड्यांत वरून पडणारा पालापाचोळा साठवून त्यातून पोषण मिळवते. बोर्निओच्या डोंगरांवरील नेपेंथिस लोवीचा प्रकार त्याहून विलक्षण आहे. तिच्या झाकणाच्या आतील बाजूस पाझरणारा पांढरा स्राव चाटण्यासाठी वृक्षचिचुंद्री घड्यावर बसते आणि चाटता चाटता त्यातच मलविसर्जन करते. वेलीला नत्र मिळते ते त्या विष्ठेतून. २००९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘शौचकूप वनस्पती’ म्हणून त्याची दखल घेतली होती. २०२२ मध्ये बोर्निओतूनच वर्णिलेली नेपेंथिस प्युडिका तर आपले घडे जमिनीखाली तयार करते.

आजवर वर्णन झालेल्या जातींची संख्या दीडशेच्या बरीच पुढे गेली आहे. त्यांपैकी बहुतांश आग्नेय आशियातील बेटांवर आहेत. पश्चिमेकडे मादागास्कर, सेशेल्स, श्रीलंका आणि भारत येथे मोजक्याच जाती आढळतात. भारताच्या वाट्याला आलेली एकमेव जात म्हणजे मेघालयातील नेपेंथिस खासियाना. पश्चिम घाटात घटपर्णी नाही. आपल्याकडच्या सड्यांवर पावसाळ्यात दिसतात ते दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, आणि सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी युट्रिक्युलारिया. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलांच्या गालिच्यांची छायाचित्रे काढणारे हजारो पर्यटक त्या काळात नकळत मांसाहारी वनस्पतींच्या रानात उभे असतात.

उंचीचा हिशेब

संगोपनाच्या सोयीसाठी या जातींची ढोबळ विभागणी केली जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार ते बाराशे मीटरपर्यंत वाढणाऱ्या त्या सखल प्रदेशातील आणि त्याहून वरच्या त्या उच्च प्रदेशातील. सीमारेषेवरच्या, दोन्हीकडे जमवून घेणाऱ्या जातींना मधल्या गटात घालतात. उच्च प्रदेशातील जातींना दिवसा २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान, रात्री १० ते १६ अंशांपर्यंत उतार, ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि वर्षभर भरपूर, परंतु सौम्य प्रकाश लागतो. विषुववृत्ताजवळच्या डोंगरांवर ऋतू फारसे बदलत नाहीत, त्यामुळे हा क्रम वर्षाचे ३६५ दिवस चालू राहतो. त्यांचा हिवाळा आणि उन्हाळा चोवीस तासांत येऊन जातो, असे म्हटले तरी चालेल.

रात्रीच्या गारव्याचे महत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. वनस्पती दिवसा प्रकाशात अन्न तयार करते आणि श्वसनासाठी ते दिवसरात्र खर्च करते. तापमान वाढले की श्वसनाचा वेग वाढतो. दिवसभर धुक्यातून झिरपणाऱ्या उजेडात बेताचीच कमाई करणाऱ्या या वेलींना रात्रीचा खर्च कमी ठेवणे भाग असते आणि तो गारव्यातच कमी राहतो. रात्री उबदार राहिल्या तर जमेपेक्षा खर्च वाढतो. रोप एका दिवसात वाळत नाही. आधी घडे येणे थांबते, मग प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान निघते आणि चार-सहा महिन्यांनी एके दिवशी शेंडाच काळा पडतो. मृत्यू इतका संथ असतो की त्याचे कारण मालकाच्या लक्षात येत नाही. तो खत घालतो किंवा जादा पाणी घालतो, आणि उरलेले कामही पूर्ण होते.

या गटाची सम्राज्ञी म्हणजे नेपेंथिस राजा. बोर्निओतील ४,०९५ मीटर उंचीच्या किनाबालू पर्वतावर आणि शेजारच्या तांबुयुकोन पर्वतावर, सुमारे दीड हजार ते २,६५० मीटरच्या पट्ट्यात ती वाढते. जगात अन्यत्र कोठेही ती नाही. जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८५९ मध्ये तिचे वर्णन करताना सारवाकचे गोरे राजे जेम्स ब्रुक यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले. तिच्या एका घड्यात दोन-तीन लिटर द्रव मावतो आणि क्वचित उंदीर बुडालेले आढळले आहेत. हे वाचून ज्यांना ती लगेच हवीशी वाटेल, त्यांच्यासाठी एक माहिती: बियाण्यापासून पूर्ण वाढ होण्यास तिला दहा वर्षांच्या आसपास लागतात.

पुण्याचे बारा महिने

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. म्हणजे घटपर्णीच्या हिशेबात सखल प्रदेशच. परंतु पुण्याच्या हवेला एक चांगली सवय आहे, ती म्हणजे दिवस आणि रात्रीच्या तापमानातील मोठा फरक. शिवाजीनगर वेधशाळेच्या सरासरीनुसार डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे कमाल तापमान २९-३० अंशांच्या आसपास आणि किमान ११-१२ अंश असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची पुण्याची रात्र किनाबालूच्या मधल्या उतारांना शोभेल अशीच असते. या तीन महिन्यांत उणीव असते ती फक्त आर्द्रतेची. काचेच्या टाकीत किंवा प्लास्टिकने वेढलेल्या मांडणीत ती सहज भागते.

मार्च ते मे हा काळ दिसायला भयंकर. एप्रिलमध्ये कमाल तापमानाची सरासरी ३८ अंशांपर्यंत जाते, दुपारची आर्द्रता विशी-पंचविशीत येते आणि पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेले कोवळे घडे एका दुपारीत कागदासारखे वाळतात. पण हवा कोरडी आहे, हीच येथे जमेची बाजू. कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन जोरात होते आणि बाष्पीभवनाने गारवा येतो. माठातले पाणी एप्रिलमध्ये गार होते ते याच कारणाने. वाळ्याचे ओले पडदे, ओल्या विटा, पाण्याच्या टोपात ठेवलेली मातीची कुंडी, वाळवंटी कूलर हे सारे उपाय येथे लागू पडतात. त्यांतून तापमान उतरते आणि आर्द्रता चढते, म्हणजे दोन्ही गरजा एकाच खर्चात भागतात. एप्रिलच्या रात्री २०-२१ अंशांवर असलेली हवा चांगल्या कूलरमुळे आणखी तीन-चार अंश खाली आणता येते.

जूनमध्ये पाऊस येतो आणि सारे उलटते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान २७-२८ अंश, आकाश ढगाळ, आर्द्रता मनाजोगती. घटपर्णीला हवा तसा दिवस पुणे या दोन महिन्यांत फुकट देते. रात्र मात्र २१-२२ अंशांच्या आसपासच राहते. आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने माठातले पाणीही गार होत नाही, हा तर प्रत्येक घरातला अनुभव. कूलर चालवला तर नुसता पंखा चालवल्यासारखे होते. म्हणजे या चार महिन्यांत रात्रीचे तापमान उतरवण्यास यांत्रिक शीतकरणाशिवाय दुसरा मार्ग नाही. ऑक्टोबरात आकाश निवळते, दुपार तापते, पण पहाट गार होऊ लागते आणि खंगलेली रोपे, जगली असल्यास, पुन्हा तोंड वर करतात.

महाबळेश्वर आणि पाचगणी येथे राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सुमारे १,३०० ते १,४०० मीटर उंचीमुळे तेथील रात्री पुण्यापेक्षा काही अंशांनी थंड असतात. तेथेही हिवाळा-उन्हाळ्यात हवा कोरडी पडते, पण ती अडचण सोडवता येण्याजोगी. पुण्याचा हौशी माणूस तिकडच्या बंगल्यांकडे याच एका कारणाने हेव्याने पाहू शकतो.

गारवा विकत घेताना

खरे उच्च प्रदेशीय रोप पुण्यात वर्षभर जगवायचे तर बंदिस्त जागा लागते. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे माशांची जुनी काचेची टाकी. वर एलईडी दिवे, आत हवा खेळती राहण्यासाठी संगणकातला छोटा पंखा आणि धुके सोडणारे यंत्र. दिवे दिवसाला बारा ते चौदा तास, वेळ लावून चालू-बंद होतील असे ठेवावेत. ही मांडणी मधल्या गटातील जातींना पुरते. रात्रीच्या गारव्यासाठी काही जण टाकीत बर्फ गोठवलेल्या बाटल्या ठेवतात. पहिले पंधरा दिवस हा उत्साह टिकतो.

पुढची पायरी म्हणजे थंड पेयांच्या दुकानात असते तसे काचेच्या दाराचे शीतकपाट किंवा आडवे डीप फ्रीझर. त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडून रात्री १५ अंशांवर आणि दिवसा २५ अंशांवर ठेवतात. काचेचे दार असल्यास प्रकाश बाहेरून देता येतो आणि दिव्यांची उष्णता आत जात नाही. खोलीच वातानुकूलित असेल तर टाकी तिथेच ठेवणे सर्वांत स्वस्त, कारण गारवा माणसांसाठी आधीच विकत घेतलेला असतो. मात्र वातानुकूलक हवा कोरडी करतो, हे विसरू नये. केवळ रोपांसाठी एक टनाचे यंत्र रात्रभर चालवायचे ठरवल्यास दररोज काही युनिटे वीज खर्च होते आणि चार महिन्यांचे बिल रोपांच्या किमतीच्या पुढे सहज जाते. हा खर्च आधी कागदावर मांडावा. वीज खंडित झाल्यास बंद शीतकपाटात दिव्यांविना एखादी रात्र निभते, परंतु मे महिन्याच्या दुपारी उन्हात ठेवलेली बंद काचेची टाकी दोन तासांत भट्टी होते. टाकीवर थेट ऊन येणार नाही अशीच जागा निवडावी.

पाण्याबाबत पुणेकर सुदैवी आहेत. खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी अनेक शहरांच्या तुलनेत मऊ आहे. परंतु कूपनलिकेचे आणि टँकरचे पाणी येथील काळ्या पाषाणातून क्षार घेऊन येते आणि अनेक सोसायट्यांच्या टाकीत ही सारी पाणी एकत्र होतात. घटपर्णीच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असलेले बरे. ते मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. घरातील आरओ यंत्राचे पाणी चालते, पण चवीसाठी त्यात साधे पाणी मिसळण्याची सोय अनेक यंत्रांत असते, तेव्हा मोजूनच वापरावे. पावसाचे पाणी सर्वोत्तम. गच्चीवर पिंपात ते साठवणार असाल तर पिंपाचे तोंड घट्ट झाकावे. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि घटपर्णी त्याच्या बंदोबस्तास धावून येणार नाही.

माती या वेलीला लागतच नाही. लाल माती, शेणखत, गांडूळखत, पालापाचोळ्याचे खत, म्हणजे पुण्यातील कोणताही माळी प्रेमाने सुचवील ते सर्व, तिच्यासाठी विष आहे. लांब धाग्याचे स्फॅग्नम शेवाळ आणि परलाइट यांचे सैल मिश्रण वापरतात. त्यात पाइनच्या सालीचे तुकडे घातल्यास निचरा सुधारतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, पण त्यांत मीठ असते. चार-पाच वेळा स्वच्छ पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, मगच वापरावेत. मुळे काळी, बारीक आणि ठिसूळ असतात. काळी दिसली म्हणून कुजली असे समजून कापणारे अनेक. कुंडी सदैव ओलसर हवी, पाण्यात बुडालेली नको. घड्यांत वरून पाणी ओतू नये. प्रवासात द्रव सांडून घडा रिकामा झाला असेल तरच तळाशी थोडे शुद्ध पाणी घालावे. मांसाचे तुकडे, पनीर, उरलेली कोळंबी असले लाड केल्यास घडा सडतो आणि घरात दुर्गंधी सुटते. महिन्यातून दोन-चार मुंग्या पडल्या तरी वेल संतुष्ट असते. नाही पडल्या तरी ती तेवढ्याने मरत नाही.

कीड लागतेच. पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि फुलकिडे यांचा उपद्रव बंदिस्त टाकीत झपाट्याने वाढतो. नवे रोप महिनाभर इतरांपासून वेगळे ठेवावे.

कायद्याच्या चौकटीत

मेघालयाची नेपेंथिस खासियाना ही खरे तर पुण्याच्या हवेला सर्वांत जवळची. गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर ती काहीशे मीटरपासून सुमारे दीड हजार मीटरपर्यंत वाढते, उष्मा सोसते आणि उबदार रात्रींनी खचत नाही. तिचे नाव हूकर यांनीच १८७३ मध्ये ठेवले. गारो लोक तिला भुताची टोपली अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि न उघडलेल्या घड्यातील द्रव डोळ्यांच्या विकारांवर वापरण्याची परंपरा तेथे आहे. तिच्यासाठी दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे जेमतेम दोन-तीन हेक्टरांचे राखीव क्षेत्र आहे. कोळशाच्या खाणी, फिरती शेती, रस्ते आणि बेसुमार तोड यांनी तिचा अधिवास आक्रसत गेला आहे.

नेमकी हीच जात घरात ठेवणे सर्वांत अवघड आहे आणि ते तसेच असायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि संरक्षित वनस्पतींच्या पहिल्या छोट्या यादीतच घटपर्णीचा समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही यादी तिसऱ्या अनुसूचीत आहे. जंगलातून तिला तोडणे, उपटणे हा गुन्हा आहेच. त्याखेरीज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याविना तिची लागवड करता येत नाही आणि परवानाधारक विक्रेत्याखेरीज कोणाकडून ती विकत घेता येत नाही. समाजमाध्यमांवर ‘भारतीय पिचर प्लांट’ म्हणून जे विकले जाते, त्याच्या विक्रेत्याकडे परवान्याची प्रत मागावी. बहुतेक वेळा तिथेच संवाद संपतो.

तिला वाचवण्याचे काम प्रयोगशाळेत झालेले आहे. केरळमधील पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ऊतीसंवर्धनाने तिची रोपे तयार करण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. याच संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अतिनील प्रकाशात या घड्यांची कडा निळसर चमकते आणि ही चमक झाकली तर घड्यात पडणाऱ्या भक्ष्याचे प्रमाण लक्षणीय घटते. मधाचा वास, लाल रंग आणि ओली कडा यांच्या जोडीला हा दिवाही असतो, हे तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

परदेशी जातींबाबत साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. नेपेंथिस राजा आणि नेपेंथिस खासियाना या दोन जाती त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे जंगलातून व्यापाराला पूर्ण बंदी असलेल्या यादीत आहेत. उरलेली संपूर्ण प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी भारतीय कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून आल्या. परदेशी रोपवाटिकेतून रोप मागवायचे तर साइट्सची कागदपत्रे, निर्यातदार देशाचे रोगमुक्तता प्रमाणपत्र आणि वनस्पती संगरोध विभागाचा आयात परवाना लागतो. ‘कुरियरने गुपचूप येते’ असे सांगणारा विक्रेता ग्राहकाला गुन्ह्यात भागीदार करून घेत असतो.

ही केवळ कागदपत्रांची बाब नव्हे. बोर्निओच्या पश्चिम भागातील केलाम या एकाच कातळी डोंगरावर वाढणारी नेपेंथिस क्लिपिआटा संग्राहकांच्या हव्यासापायी नामशेष होण्याच्या काठावर आली. नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना शास्त्रज्ञ आता अनेकदा नेमके ठिकाण लपवून ठेवतात, कारण शोधनिबंधापाठोपाठ चोर पोहोचतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या व्हीच रोपवाटिकेचे संग्राहक जहाजे भरून वेली नेत आणि काचघरांतील श्रीमंत त्यांसाठी चढाओढ करीत. तो काळ गेला, पण मोबाइलच्या पडद्यावर ती चढाओढ पुन्हा सुरू झाली आहे.

जंगलातून उपटलेले रोप ओळखणे फारसे कठीण नाही. खोड जाड आणि जून, पाने फाटकी, त्यांवर दगडफुलासारखे डाग, मुळे तुटलेली किंवा नाहीतच, आणि किंमत आकाराच्या मानाने विलक्षण कमी. रोपवाटिकेत वाढलेले रोप लहान, नितळ, एकसारख्या पानांचे आणि कुंडीत रुजलेले असते. बियांच्या जाहिरातींपासून तर चार हात दूरच राहावे. घटपर्णीचे बी सुतासारखे बारीक असते आणि फार काळ उगवणक्षम राहत नाही. निळ्या, काळ्या, इंद्रधनुषी घड्यांच्या छायाचित्रांसह पाकिटातून येणारे गोल, टणक दाणे दुसऱ्याच कशाचे तरी असतात.

आधी तापमापक

कोणती जात घ्यावी, याचे उत्तर दुकानात नसून घरात आहे. कमाल-किमान तापमापक आणून जून ते ऑगस्ट रोपाच्या नियोजित जागी ठेवावा आणि रोज पहाटेचे किमान तापमान लिहून काढावे. ते सातत्याने २० अंशांच्या वर राहत असेल आणि शीतकरणाची तयारी नसेल, तर राजा, विलोसा, हमाटा, लोवी, एडवर्डसियाना ही नावे यादीतून खोडावीत. निराश होण्याचे कारण नाही. फिलिपाइन्सच्या डोंगरांवरील नेपेंथिस व्हेंट्रिकोसा ही उच्च प्रदेशातली असूनही सोशिक आहे. मलेशियाची सँग्विनिया, सुलावेसीची मॅक्सिमा आणि फिलिपाइन्सची रुंद घड्यांची ट्रंकाटा यांची सखल किंवा मधल्या उंचीवरील वाणे पुण्यात पूर्वेच्या गॅलरीत, ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली जमवून घेतात. रोपवाटिकांत सर्रास मिळणारी वेल ही बहुधा व्हेंट्राटा असते. व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेलीचा हा संकर पहिल्या वर्षाच्या सर्व चुका पोटात घालतो. या वेलीला दुर्मीळ कोणी म्हणणार नाही, पण जिचे घडे पुण्याच्या ऑगस्टमध्येही भरतात तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पान नीट येते पण घडा होत नाही, तणाव्याचे टोक तपकिरी होऊन वाळते, याचा अर्थ आर्द्रता किंवा प्रकाश अपुरा. पाने लांब, गर्द हिरवी आणि मऊ पडली तर उजेड कमी. पाने तांबूस, आखूड आणि ताठ झाली तर ऊन जास्त, मात्र थोडा तांबूसपणा चांगला. प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान निघू लागले तर रात्रीचे तापमान तपासावे. नव्या घरी आल्यावर जुने घडे वाळणे हे स्वाभाविक आहे. दोन-तीन महिने वाट पाहावी, नव्या पानांवरूनच निदान करावे आणि त्या काळात कुंडी या खिडकीतून त्या खिडकीत हलवत बसू नये.

तीन-चार वर्षांत वेल उंच वाढली की तिला वरच्या बाजूस वेगळ्या आकाराचे, निमुळते घडे येऊ लागतात आणि तणावे आधाराला वेटाळे घालतात. अशा खोडाचे दोन-तीन पानांचे तुकडे ओल्या शेवाळात, झाकलेल्या डब्यात ठेवल्यास दोन-तीन महिन्यांत मुळे धरतात. कापलेल्या बुंध्यालाही खालून नवे फुटवे येतात. बी धरवणे त्याहून अवघड, कारण घटपर्णीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते आणि फुलोरा येईपर्यंत कोणती कोणती हे कळत नाही. फुलोरा आल्यावर नराचे परागकण कागदाच्या पुडीत गुंडाळून, हवाबंद डबीत शीतपेटीत काही आठवडे ठेवता येतात. तोवर गावात किंवा परगावी कोणाकडे तरी त्याच जातीची मादी वेल फुलली पाहिजे.